कळा आणल्या म्हणून सीझर झाले का?

पहिलटकरणीची तारीख उलटली आणि डॉक्टरांनी ‘आता कळा आणाव्या लागतील’ असे सांगितले, की घरातल्या मोठ्या बायका एकमेकींकडे पाहतात आणि त्यांतली एक तरी म्हणतेच, ‘म्हणजे सीझर ठरलेलंच.’ नागपुरात हे वाक्य मी महाल भागातल्या जुन्या वाड्यात ऐकले आहे, मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये ऐकले आहे, आणि मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, प्रसूती विभागाबाहेर सतरंजी अंथरून बसलेल्या, काटोल-सावनेरहून लेकीसोबत आलेल्या बायांच्या तोंडूनही ऐकले आहे. हे वाक्य अडाणीपणातून येत नाही. प्रत्येकीने आपल्या नात्यात किंवा शेजारात अशी एखादी लेक किंवा सून पाहिलेली असते, जिला संध्याकाळी जेल लावले, सकाळी सलाईनमधून इंजेक्शन सुरू केले, दिवसभर ती कळा सोसत राहिली आणि रात्री शेवटी तिला ऑपरेशनच्या खोलीत न्यावे लागले. कळाही सोसायच्या आणि पोटही चिरून घ्यायचे, हे दुहेरी दुःख ज्यांनी जवळून पाहिले त्यांच्या मनात भीती बसली, तर ती समजून घेतली पाहिजे. मला मात्र ठामपणे असे वाटते की या भीतीचे कारण आपण चुकीच्या जागी शोधतो, आणि त्यामुळे डॉक्टरांना जे प्रश्न खरोखर विचारायला हवेत ते विचारायचे राहून जातात.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. दोन गटांची तुलना करताना दुसरा गट कोणता घेतला, यावर सगळे उत्तर अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना समजावण्यात माझे दरवर्षीचे कितीतरी तास जातात. कळा आणण्याचा प्रश्न हा त्याच धड्याचा, आणि फार मोलाचा, नमुना आहे. अनेक दशके वैद्यकीय शोधनिबंधही घरच्या बायकांच्याच बाजूने बोलत होते. रुग्णालयांच्या जुन्या नोंदी काढायच्या, ज्यांना औषधाने कळा आणल्या त्या बायका एका बाजूला आणि ज्यांना आपसूक कळा सुरू झाल्या त्या दुसऱ्या बाजूला ठेवायच्या, आणि दोन्हीकडची सीझरची टक्केवारी मांडायची. असे केले की कळा आणलेल्या गटात सीझर पुष्कळ जास्त दिसत असे, आणि पाठ्यपुस्तकांतही तेच उतरले होते.

आकडे खरे होते, पण तुलना खोटी होती. दहावीला शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण आणि ज्यांना शिकवणीची गरजच पडली नाही अशा मुलांचे गुण शेजारी मांडले, तर शिकवणीने गुण घटतात असाच निष्कर्ष निघेल. एकोणचाळिसाव्या किंवा एक्केचाळिसाव्या आठवड्यात बसलेल्या बाईपुढे ‘आज आपसूक कळा याव्यात’ हा पर्याय ठेवलेलाच नसतो. तिच्या हातात खरोखर दोनच गोष्टी असतात: आज कळा आणायच्या, किंवा वाट पाहायची. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना दुसऱ्या दिवशी छान कळा सुरू होतात आणि त्या मोकळ्या होतात. पण काहींचा रक्तदाब चढतो, काहींचे गर्भजल कमी होते, काहींच्या बाळाचे ठोके खाली येऊ लागतात, आणि काहींना चार-पाच दिवसांनी शेवटी औषधानेच कळा आणाव्या लागतात. या सगळ्यांची सीझर वाट पाहण्याच्या खात्यात मांडली पाहिजेत. जुन्या अभ्यासांत ती मांडलेली नव्हती. उलट त्यांतली बरीचशी कळा आणण्याच्याच खात्यात गेली होती.

हिशेब नीट करायचा तर चिठ्ठी टाकूनच करावा लागतो. तसा पहिला मोठा प्रयत्न कॅनडात झाला आणि १९९२ साली प्रसिद्ध झाला. दिवस भरून गेलेल्या ३,४०७ बायकांची चिठ्ठीने दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटात कळा आणल्या, दुसऱ्या गटात बाळावर लक्ष ठेवून वाट पाहिली. कळा आणलेल्या गटात सीझर २१.२ टक्के झाली, वाट पाहणाऱ्या गटात २४.५ टक्के. त्याहून बोलका तपशील पुढे आहे: बाळाचे ठोके बिघडले म्हणून कराव्या लागलेल्या सीझरचे प्रमाण कळा आणलेल्या गटात ५.७ टक्के होते, तर वाट पाहणाऱ्या गटात ८.३ टक्के. ज्या कारणाची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते, ते कारण थांबण्याने कमी झाले नव्हते, वाढले होते.

त्यानंतरची सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेतली, २०१८ सालची. तिचे नाव ‘अराईव्ह’. पहिल्या खेपेच्या, कसलीही गुंतागुंत नसलेल्या ६,१०६ बायका तिच्यात होत्या आणि एका गटात एकोणचाळिसाव्या आठवड्यातच, कोणतेही वैद्यकीय कारण नसताना, कळा आणल्या गेल्या. सीझरचे प्रमाण या गटात १८.६ टक्के आणि वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के आले. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या तक्रारी कळा आणलेल्या गटात ९.१ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात १४.१ टक्के. पुढे २०२० साली, वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा ३४ चाचण्या एकत्र केल्या गेल्या, २१ हजारांहून अधिक बायकांच्या. दिवस भरल्यावर कळा आणल्याने सीझर सुमारे एक दशांशाने कमी होते, असे त्यात दिसले. बाळाच्या मृत्यूंची नोंद असलेल्या चाचण्यांत कळा आणलेल्या बाजूला ४ बाळे दगावली होती, वाट पाहणाऱ्या बाजूला २५.

हे वाचून प्रत्येक गरोदर बाईने एकोणचाळिसावा आठवडा लागताच दवाखाना गाठावा, असे मी म्हणणार नाही. ‘अराईव्ह’मध्ये ज्यांना विचारले त्यांपैकी जेमतेम पाव भाग बायकांनी होकार दिला होता, आणि ती सगळी रुग्णालये अशी होती जिथे रात्रंदिवस डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका हजर असतात. दुसरे असे की बाळांच्या मृत्यूचा धोका मुळातच फार लहान आहे. कॉक्रेनच्या हिशेबाने एक मृत्यू टाळायला ५४४ बायकांना कळा आणाव्या लागतात. एकोणचाळिसाव्या आठवड्यात घाई न करणे हा पूर्णपणे समंजस निर्णय आहे. एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र तराजू कलू लागतो. स्वीडनमध्ये एक्केचाळीस विरुद्ध बेचाळीस आठवडे अशी चाचणी चालू होती; २,७६० बायका सामील झाल्यावर ती मध्येच थांबवावी लागली, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली होती आणि दुसऱ्या गटात एकही नाही. सीझरच्या प्रमाणात दोन्ही गटांत काही फरक नव्हता. हे आकडे माझ्या मनात घर करून बसले आहेत, आणि कोणी ‘अजून आठ दिवस थांबू’ असे सहज म्हटले की मला गप्प बसवत नाही.

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली, तेव्हा हे सगळे मला कागदावर ठाऊक होते. तिला पाळीची तारीख पक्की आठवत होती, कारण तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. आपल्याकडे अजूनही कितीतरी बायका पाळीची तारीख पोळा, महालक्ष्म्या, संक्रांत अशा सणांवरूनच सांगतात आणि ती बहुधा बरोबर निघते. तरीही पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच दिवस मोजण्याचा सर्वांत भरवशाचा आधार असतो, आणि तिच्या बाबतीत तो अहवाल तान्ह्या पोळ्याशी जुळत होता. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण नाही. दिवसच चुकीचे मोजले गेले असतील तर अडतिसाव्या आठवड्यातल्या बाळाला आपण बेचाळिसाव्याचे समजून बाहेर काढू पाहतो. गर्भपिशवी तयार नसते आणि मग सगळेच अडते. ‘तारीख उलटली’ असे म्हणण्याआधी ती तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून काढली, हे विचारणे हा आप्तांचा हक्कच आहे.

नवतपा सरला होता, मृग लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. घरातले दोन्ही कूलर दिवसरात्र चालू असत आणि भाची खिडकीशी पाय सोडून बसलेली असे. एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्याच्या दिवशी डॉक्टरांनी कळा आणण्याचा सल्ला दिला. ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, चेहरा उतरला. ‘काहून घाई करून राहिले हे लोक? दोन दिवस थांबलं तर काय बिघडते?’ असे तिने मला घरी येताना रिक्षात विचारले. मी तिला स्वीडनची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘ते तिकडचं राहू दे. इकडे सुई लावली की कापतात, एवढं मले माहीत आहे.’

ताईच्या या बोलण्यात एक फार खरा मुद्दा आहे. चाचण्यांतली सरासरी ही एका विशिष्ट प्रकारच्या प्रसूतीगृहातली सरासरी असते. औषध तेच, मात्रा तीच, पण ते देणारा माणूस किती वेळ थांबायला तयार आहे, यावर शेवट बदलतो.

याची सुरुवात गर्भपिशवीच्या तोंडापासून होते. कळा आणायच्या आधी डॉक्टर आतून तपासतात तेव्हा ते पाच गोष्टी पाहतात: तोंड किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, ते टणक आहे की मऊ, मागे आहे की पुढे आले आहे, आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ साली या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत बसवली. एकूण गुण १३. आठाच्या वर गुण असतील तर औषधाने आणलेल्या कळा जवळपास आपसूक आलेल्या कळांसारख्याच फळतात. पाच-सहाच्या आत असतील तर आधी ते तोंड मऊ करावे लागते, आणि तिथेच वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईचे शरीर ही वाट ओळखते. तिच्या बाबतीत कळा आणल्याने सीझर होण्याची शक्यता मुळात फार थोडी असते. पहिलटकरीण, बंद आणि टणक तोंड, उंची कमी किंवा वजन जास्त, अशा गोष्टी एकत्र आल्या की शक्यता वाढते. वाट पाहिली तरी त्यांतल्या बहुतेक गोष्टी तशाच राहतात, हे मात्र पुन्हा लक्षात ठेवायला हवे.

भाचीचे गुण तीन होते. संध्याकाळी नळीचा फुगा बसवला. मी खोलीत होते. बोटाएवढ्या जाडीचीही नसलेली एक रबरी नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, तिच्या टोकाच्या फुग्यात सिरिंजने साधे निर्जंतुक पाणी भरतात, आणि नळीचे बाहेरचे टोक थोडे ताणून मांडीला चिकटपट्टीने चिकटवून टाकतात. एवढेच. फुगा आतून तोंडावर दाब देत राहतो, त्या दाबाने शरीर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन हे तोंड मऊ करणारे द्रव्य तयार करू लागते, आणि तोंड तीनेक सेंटीमीटर उघडले की फुगा आपोआप गळून पडतो. भाची रात्रभर त्या नळीसह व्हरांड्यात येरझारा घालत होती, मधूनच थांबून भिंतीला कपाळ टेकवत होती. पहाटे ती स्वच्छतागृहातून बाहेर आली ती हातात फुगा घेऊनच. सिस्टरांनी तो पाहिला आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली.

पुढे पाणमोट फोडली, सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू झाले. हे औषध आपल्या मेंदूत तयार होणाऱ्या संप्रेरकाचीच प्रयोगशाळेत केलेली प्रत आहे. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ साली बनवले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इतक्या वर्षांनंतरही अनेक ठिकाणी ते थेंब मोजूनच दिले जाते. सिस्टर घड्याळाकडे पाहत थेंब मोजतात, अर्ध्या तासाने चाक किंचित फिरवून वाढवतात, आणि मधल्या वेळात पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या ते पाहतात. कळा फार जवळजवळ आल्या तर दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो. म्हणून हे इंजेक्शन लावून कोणी बाजूला निघून जायचे नसते. हे औषध वाईट नाही, पण त्याच्यावर सतत नजर हवी. ती नसेल तर ते खरोखरच सीझरकडे, आणि क्वचित त्याहून वाईट गोष्टींकडे, नेऊ शकते.

नजरेइतकाच संयम लागतो, आणि आपल्याकडचे खरे दुखणे मला इथे दिसते. ‘कळा आणल्या, पण प्रगती नाही’ असे म्हणून सीझर करण्याचा निर्णय कितव्या तासाला घ्यायचा? इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली काढलेल्या आलेखावरून दोन पिढ्यांतल्या डॉक्टरांना शिकवले गेले की तोंड तासाला साधारण एक सेंटीमीटर या वेगाने उघडले पाहिजे. २०१० साली ६० हजारांहून अधिक बायकांच्या नोंदींवरून दिसले की प्रसूतीला खरा वेग सहा सेंटीमीटरच्या आसपास येतो. त्याआधी तासन्‌तास काहीच हलले नाही तरी बाई आणि बाळ दोघेही ठीक असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले की तासाला एक सेंटीमीटर हा नियम धरून सरसकट हस्तक्षेप करू नये. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी तर २०१४ सालीच सांगितले होते की आई आणि बाळ व्यवस्थित असतील तर पाणमोट फोडल्यानंतर ऑक्सिटोसिन निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय ‘कळा आणणे फसले’ असे म्हणू नये, आणि सुरुवातीच्या टप्प्याला २४ तास किंवा त्याहूनही अधिक वेळ द्यावा.

आता हा २४ तासांचा आकडा घेऊन आपल्या एखाद्या दहा खाटांच्या प्रसूतीगृहाचा विचार करावा. डॉक्टर एकच, त्याच सकाळी बाह्यरुग्ण तपासणार, त्याच दुपारी ऑपरेशने करणार. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, तेही तीन ठिकाणची बोलावणी सांभाळून. मध्यरात्री तीन वाजता बाळाचे ठोके पडले तर अर्ध्या तासात सगळे जमेल का, या काळजीने संध्याकाळी सातलाच निर्णय घेऊन टाकणारा डॉक्टर वाईट माणूस असतोच असे नाही. त्याला दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी काचा फोडल्याची उदाहरणे ठाऊक असतात. आणि नातेवाईक? दुपारपर्यंत ‘नॉर्मलच झाली पाहिजे’ असा आग्रह धरणारी हीच माणसे संध्याकाळी पोरीचे कण्हणे ऐकून ‘करून टाका ना सीझर, किती पाहायचं?’ म्हणून डॉक्टरांच्या दारात उभी राहतात. काही घरांत तर अमावास्येच्या आत किंवा अमुक नक्षत्रावर मूल व्हावे म्हणून वेळ काढून आणलेली असते. हा दबाव औषधाच्या पत्रकात छापलेला नसतो, पण त्याचा परिणाम औषधाइतकाच असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात २१.५ टक्के बाळंतपणे सीझरने झाल्याची नोंद आहे. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के, आधीच्या फेरीत तो २०.१ होता. खासगीत येणाऱ्या बायका वेगळ्या असतात, शहरी असतात, वयाने मोठ्या असतात, हे सगळे धरूनही तिपटीहून अधिक असलेला हा फरक कळा आणण्याच्या औषधाने पडलेला नाही. जेल, फुगा, गोळी, इंजेक्शन दोन्हीकडे सारखेच आहे.

सरकारी रुग्णालयांचा उल्लेख निघाला म्हणून एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या शहराची आहे आणि शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांमध्ये कळा आणण्यासाठी नळीचा फुगा चांगला की तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी चांगली, हा प्रश्न सोडवणारी मोठी चाचणी नागपुरात झाली: मेडिकलमध्ये आणि गांधीबागेजवळच्या डागा रुग्णालयात. २०१३ ते २०१५ या काळात ६०२ बायका तिच्यात सहभागी झाल्या, आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तिचा निष्कर्ष छापला. गोळी दिलेल्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांची चोवीस तासांच्या आत नैसर्गिक प्रसूती झाली, फुगा बसवलेल्यांपैकी ४७ टक्के बायकांची. या गोळ्या स्वस्त आहेत, तोंडाने घेता येतात, आणि रक्तदाबाने बाळ-बाळंतीण गमावण्याचा धोका जिथे सर्वांत जास्त असतो अशा गरीब भागांसाठी ही माहिती मोलाची आहे. जगभरातले डॉक्टर आज ज्या आधारावर निर्णय घेतात, त्यातला एक आधार आपल्या विदर्भातल्या बायकांनी उभा केला आहे. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

शिवाय या बायकांची परिस्थिती आठवली की घरातल्या वादाला वेगळे वळण मिळते. रक्तदाब चढलेला असेल तर ‘थांबू या’ हा पर्याय अधिक धोक्याचा ठरतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत छत्तिसाव्या आठवड्यानंतर सौम्य रक्तदाब असलेल्या ७५६ बायका होत्या. कळा आणलेल्या गटात ३१ टक्के बायकांची तब्येत बिघडली, थांबलेल्या गटात ४४ टक्के बायकांची, आणि सीझरचे प्रमाण अनुक्रमे १४ आणि १९ टक्के होते.

भाचीजवळ त्या दिवशी आळीपाळीने आम्ही दोघी बसलो. सोबतीचे महत्त्व मी पूर्वी भावनेचा भाग समजत असे, पण त्याचाही हिशेब झालेला आहे: २६ चाचण्या, १५ हजारांहून अधिक बायका, आणि जिच्याजवळ सतत कोणीतरी आपले माणूस किंवा प्रशिक्षित बाई होती तिची सीझर होण्याची शक्यता सुमारे पाव भागाने कमी. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी प्रसूतीगृहांत एक सोबतीण आत असू द्यावी असे सांगितले आहे. कमरेवर हात चोळणे, पाण्याचा घोट देणे, उठून दोन पावले चालायला लावणे, आणि ‘झालं, अजून थोडं’ असे न म्हणता खरे काय ते सांगणे, एवढेच काम असते. ताई हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगले करत होती. तिने एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असा शब्द काढला नाही.

दुपारनंतर तोंड सात सेंटीमीटर उघडले. सगळे खुशीत होते. मग एका कळेनंतर बाळाचे ठोके खाली गेले आणि लवकर वर आले नाहीत. सिस्टरांनी आधी इंजेक्शन बंद केले, तिला डाव्या कुशीवर वळवले, सलाईन जोरात सोडले. ठोके सावरले, आणि पुन्हा पडले. गर्भजलात बाळाने शी केलेली दिसली. डॉक्टरांनी पाच मिनिटे ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिले आणि सीझर करावे लागेल असे सांगितले. मुलगी झाली, लगेच रडली, दोघी सुखरूप आहेत.

ताईचे म्हणणे अजूनही तेच आहे, की सुई लावली म्हणून झाले. मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण एका बाईच्या बाबतीत याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. ऑक्सिटोसिनच्या जोरदार कळांनी ठोके पडू शकतात, हे खरे आहे. एक्केचाळीस आठवड्यांच्या बाळाने पोटात शी करणे आणि कळा सुरू झाल्यावर थकणे हे आपसूक कळांतही होते, हेही तितकेच खरे आहे. कॅनडातल्या त्या ८.३ टक्के बायकांना कोणी घाईने सुई लावली नव्हती. चार दिवस थांबलेली भाची आम्हाला पाहायला मिळणार नाही. हजारो बायकांचे सरासरी उत्तर निर्णय घेताना हाताशी असते आणि ते तेव्हा वापरावे. निकाल लागल्यावर ते कोणाच्या दुःखावर ठेवून पटवून देण्यात अर्थ नसतो. मला एवढे नक्की सांगता येते की तिचे सीझर संध्याकाळच्या घाईने झाले नाही. फुग्याला रात्र दिली, इंजेक्शनला दिवस दिला, निर्णय बाळाच्या ठोक्यांवरून घेतला. असे सीझर आणि ‘चार सेंटीमीटरवर अडकले म्हणून’ आठव्या तासाला केलेले सीझर यांना एकाच रकान्यात टाकणे मला पटत नाही.

आता प्रश्न पुढच्या खेपेचा आहे, कारण पहिल्या सीझरचा खरा भार दुसऱ्या आणि तिसऱ्या गरोदरपणावर पडतो. प्रत्येक छेदासरशी पुढच्या वेळी वार (प्लासेंटा) खाली बसण्याचा किंवा जुन्या जखमेत रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, आणि रुतलेली वार हे बाळंतपणातल्या रक्तस्रावाचे फार वाईट कारण आहे. पण एकदा सीझर झाले म्हणजे दर वेळी सीझरच, हा नियम आता वैद्यकशास्त्र मानत नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी सीझर झालेल्या १७,८९८ बायकांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला आणि ७३ टक्क्यांहून अधिक जणींना ती साधली; जुनी जखम उसवण्याचे प्रमाण हजारात सात होते, आणि औषधाने कळा आणलेल्यांमध्ये ते आपसूक कळांपेक्षा जास्त होते. म्हणजे पुढच्या वेळी तुलना पुन्हा बदलणार आहे, आणि तेव्हा थांबण्याचे पारडे आजच्यापेक्षा जड असेल.

त्यासाठी पहिल्या सीझरची नेमकी नोंद हवी. आपल्याकडे पुष्कळ बायकांजवळ ‘सीझर’ एवढाच शब्द लिहिलेला कागद असतो, किंवा तोही घर बदलताना हरवलेला असतो, आणि मग नवे डॉक्टर जोखीम नको म्हणून सरळ दुसऱ्या सीझरची तारीख देतात. घरी सोडताना मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्यांनी लगेच मानली. भाचीच्या डिस्चार्ज कार्डावर आता छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा घेतल्याचे लिहिले आहे, तोंड सात सेंटीमीटर उघडल्याचे लिहिले आहे, ऑक्सिटोसिन किती तास चालले आणि ठोके कितीवर आले तेही लिहिले आहे, आणि पुढच्या गरोदरपणात मिसोप्रोस्टॉल देऊ नये, ही सूचना त्यांनी स्वतः खाली वेगळ्या ओळीत लिहून सही केली आहे. त्या कार्डाची एक प्रत ताईने आपल्या कपाटात ठेवून घेतली, एक भाचीने पुण्याला नेली.